२५०चा घोडा घेऊ की ३००चा? इंजिन एकच, मग फरक कुठं?

शिरोलीचा_ट्रेलरवाला

नमस्कार मंडळी. माझा एक ट्रेलर आहे, ४६ टनी, २५० हॉर्सपॉवर. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतनं कास्टिंग भरून चाकणला, येताना पत्र्याचे कॉइल. महिन्यातनं दोनतीन खेपा बेंगलोर साइडला. आता दुसरा घोडा (म्हणजे ट्रेलर ओढणारा पुढचा ट्रक) घ्यायचा आहे आणि तिथंच अडकलोय.

शोरूममधला सांगतो, दोन्हीला ६.७ लिटरचं कमिन्स. सहा सिलिंडर, ब्लॉक तोच. एक २५०ला येतं, दुसरं ३००ला. हप्त्यात फरक पडतोय, तो मला जाणवण्याइतका आहे. वर आणि ओळखीतला एक जण म्हणतोय, "२५०चा घे, लॅपटॉप लावून ३०० करून देतो, इंजिन तर एकच आहे."

माझ्या वडिलांनी १६१३ ट्रक चालवला. १३० हॉर्सपॉवरवर आमचं घर उभं केलं, तिघा भावंडांची शिक्षणं केली. ते म्हणतात, गाडीच्या कपाळावरचा आकडा बघून गाडी घेऊ नये. पण मग काय बघून घ्यावी? हे वरचे ५० घोडे, म्हणजे हॉर्सपॉवर, रस्त्यावर खरंच मिळतात का, की कागदावरच राहतात? जाणत्यांनी सांगा. कर्ज माझ्या नावावर होणार आहे, म्हणून विचारतोय.

तवंदी_ते_तुमकूर

भावा, मी ड्रायव्हर आहे, दोन्ही चालवल्यात. सपाटीला काय बी फरक नाही. स्पीड गव्हर्नर ८०ला बांधलेला, दोन्ही गाड्या तिथंच थांबणार. फरक घाटात. निपाणीजवळच्या तवंदी घाटात २५० ज्या गिअरला रडते, तिथं ३०० एक गिअर वर ओढते. तेवढंच. पण रात्री दोन वाजता मागनं बसवाले हॉर्न मारत असतात, तेव्हा तो एक गिअर लई मोठा वाटतो. पैशाचा हिशेब मालकानं करायचा. अंगाला विचारशील तर ३००.

उद्यमनगरचा_पंपवाला

तुझे वडील बरोबर बोलतात. पण तो आकडा खोटा नसतो, तो कुठं मोजला ते माहीत पाहिजे. मी आधी सहा वर्षं एका कारखान्यात इंजिन टेस्ट बेडवर होतो, नंतर एकतीस वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात डिझेल पंप आणि इंजेक्टरचं काम. आता मुलगा बघतो. सवडीनं लिहितो, सवडीनं वाच.

आधी हॉर्सपॉवर म्हणजे काय ते हाताला लागू दे. आपल्या गाड्यांवर जो मेट्रिक हॉर्सपॉवर लिहितात, तो म्हणजे ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलणं. मार्केट यार्डातला गुळाचा रवा ३० किलोचा. असे अडीच रवे सेकंदाला मीटरभर उचलले की एक हॉर्सपॉवर झाला. २५० म्हणजे सेकंदाला १८,७५० किलो एक मीटर वर. ३०० म्हणजे २२,५००.

हा आकडा इंजिनाच्या फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनामागच्या जड चाकावर, मोजतात. गाडीत नाही, बेडवर. इंजिन डायनॅमोमीटरला, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्राला, जोडलेलं असतं, पाणी आणि डिझेल ठरलेल्या तापमानाला, हवा स्वच्छ, फिल्टर नवा. त्या दिवशी खोलीत गरमी जास्त असली तर २५ अंशांचा आधार धरून आकडा दुरुस्त करायचं सूत्र असतं. आणि सगळ्यांत मोठा आकडा येतो तो एका ठरावीक आरपीएमला, या इंजिनात २३००च्या आसपास. तुझा ड्रायव्हर २३००वर गाडी चालवतो का? चालवत असेल तर त्याला आधी समजाव.

फ्लायव्हीलपासनं टायरपर्यंत क्लच, गिअरबॉक्स, जॉइंट, क्राउन (मागच्या एक्सलमधलं दातेरी चाक). प्रत्येक जण आपला वाटा काढून घेतो. भरल्या ट्रेलरला मी १०० मागं १५ गेले असं धरतो. शिवाय घाटात इंजिन तापलं की फॅनचा क्लच धरतो आणि दहापंधरा घोडे तो फॅनच खातो. तो आवाज तू ऐकला असशील, विमानासारखा. म्हणजे २५०मधले साधारण २०० ते २१० टायरला लागतात. ही चोरी नाही, सगळ्या कंपन्यांच्या सगळ्या गाड्यांचं असंच असतं.

आता घाटाचा हिशेब. तुझी गाडी मालासकट ४५ टन धर. शंभर मीटरला पाच मीटर चढ असलेला रस्ता. वजनाचे पाच टक्के, म्हणजे २,२५० किलोचा मागं खेचणारा जोर. टायर रस्त्यावर दबतात त्याचा टनाला ८ किलो, म्हणजे ३६० किलो. एकूण २,६१०. २५०च्या गाडीचे १५ टक्के गेले की १५,९४० उरतात. भागिले २,६१०, सेकंदाला ६.१ मीटर. ताशी २२ किलोमीटर. हाच हिशेब ३००ला केला की ताशी २६ येतात. पाच किलोमीटरच्या चढावर सव्वादोन मिनिटांचा फरक. कोल्हापूर ते चाकण जाऊन-येऊन खरे चढ जोडलेस तरी फरक पंधरा मिनिटांच्या आतच राहील असं मला वाटतं.

सपाटीला बघ. ताशी ६०ला टायरचे तेच ३६० किलो, हवेचे सुमारे १४०. सगळा हिशेब करून इंजिनाकडनं १३० हॉर्सपॉवर लागतो. १३०! तुझ्या वडिलांच्या १६१३चा आकडा. २५०वाली निम्मी ताकद वापरते, ३००वाली निम्म्याहून कमी. उरलेले घोडे बांधून ठेवलेले. म्हणून ड्रायव्हर साहेब वर म्हणाले ते अगदी खरं आहे.

आता जो हिशेब शोरूममध्ये कोणी करून दाखवत नाही तो सांगतो. गाडीच्या नावात पहिले दोन आकडे एकूण वजनाचे टन, पुढचे दोन हॉर्सपॉवरचे, एक शून्य लावून वाचायचे. १६१३ म्हणजे १६ टन, १३० हॉर्सपॉवर. ४६२५ म्हणजे ४६ टन, २५०. ५५३० म्हणजे ५५ टन, ३००. आता टनामागं किती घोडे ते काढ. ४६२५ला ५.४. ५५३०ला ५.५. म्हणजे दोन्ही गाड्या कायद्याच्या हद्दीपर्यंत भरल्या तर घाटात शेजारी शेजारी चालतील! ते वरचे ५० घोडे ड्रायव्हरला मिळत नाहीत, वरच्या नऊ टन मालाला मिळतात. आणि १६१३ला हाच आकडा ८.१ येतो. अर्थात त्या काळात १६ टनावर कोण थांबत होतं, ते वडिलांना विचार.

म्हणून मला तुझ्याकडनं एकच गोष्ट कळायला हवी. तुझ्या काटा पावत्या काय सांगतात? ५५ टनाचा माल मिळतोय का?

रिमॅपबद्दल, म्हणजे लॅपटॉप लावून ताकद वाढवण्याबद्दल, वेगळं लिहितो. तो विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

उद्यमनगरचा_पंपवाला

"इंजिन एकच आहे" हे वाक्य मी निदान शंभर वेळा ऐकलंय. ब्लॉक एक असतो, इंजिन एक नसतं. जास्त ताकदीच्या इंजिनात टर्बो वेगळा असू शकतो, इंजेक्टरची भोकं वेगळी, पिस्टनची वाटी वेगळी, इंटरकूलर आणि रेडिएटर मोठा, आणि पुढं क्लच, गिअरबॉक्स, क्राउन जड. लॅपटॉपवाला यातलं काही बदलत नाही. तो फक्त डिझेल वाढवतो. डिझेल वाढलं, हवा तेवढीच राहिली, की धूर आणि उष्णता वाढते. ती उष्णता आधी पिस्टनच्या डोक्यावर बसते, मग एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर, मग टर्बोच्या पात्यांवर.

माझ्याकडं एक मुलगा यायचा, तुझ्याच वयाचा असेल. त्यानं बाहेरून असं करून आणलं होतं. मी सांगितलं, काढून टाक. तो म्हणाला, काका, गाडी कशी पळतेय बघा तरी. खरंच पळत होती, चार महिने. मेमध्ये पुण्याहून भरून येताना खंबाटकी चढताना गाडी उभी राहिली. (तेव्हा जाताना बोगदा मिळायचा, येताना घाट चढावा लागायचा, ते तुला माहीतच आहे.) हेड उघडलं तेव्हा मी तिथं होतो. तिसऱ्या पिस्टनची कड वितळून सिलिंडरला घासलेली होती. टर्बोसुद्धा गेला. वॉरंटीत कोणी हात लावला नाही, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. पुढं दोन हप्ते चुकले आणि गाडी ओढून नेली. तो मुलगा आता दुसऱ्याची गाडी चालवतो. भेटला की नमस्कार करतो. मला त्या वेळी जरा आवाज चढवून बोलायला हवं होतं असं अजून वाटतं.

बीएस ६ गाडीत तर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आहे, युरियाची लाइन आहे, सगळीकडं सेन्सर. धूर वाढला की डीपीएफ चोंदतो आणि संगणक स्वतःच ताकद कापतो. म्हणजे पैसे देऊन घोडे कमी करून घ्यायचे.

राजारामपुरी_टू_टेक्सास

मी अमेरिकेत असतो, ट्रकचा धंदा नाही, पण इथं हाच वाद पिकअपवाल्यांत रोज चालतो म्हणून लिहितो. हेच ६.७ लिटर कमिन्स, १०७ मिलिमीटर बोअर आणि १२४चा स्ट्रोक, इथं रॅमच्या पिकअपमध्ये येतं. २०१९ला त्याचे दोन प्रकार होते. स्टँडर्ड ३७० हॉर्सपॉवर आणि ८५० पाउंड-फूट टॉर्क, हाय आउटपुट ४०० आणि १,०००. आपल्या मापात साधारण ११५० आणि १३५० न्यूटन मीटर.

काकांचा मुद्दा इथं उघड दिसतो. हॉर्सपॉवर फक्त ३० वाढला, पण स्टँडर्डचं कॉम्प्रेशन (हवा किती पट दाबली जाते ते) १९ होतं, हाय आउटपुटचं १६.२. गिअरबॉक्ससुद्धा वेगळा दिला, जपानी ऐसिनचा जड गिअरबॉक्स. म्हणजे ३० घोड्यांसाठी कंपनीला पिस्टनपासून गिअरबॉक्सपर्यंत जावं लागलं. लॅपटॉपवर काम झालं असतं तर त्यांनी तेच केलं असतं. २०२५पासून स्टँडर्ड बंदच केलंय, ४३०चं हाय आउटपुट एकच येतं.

मला एक कळत नाही. इथं तीनसाडेतीन टनाच्या पिकअपला ४०० आणि तिकडं ५५ टनाला ३००, तेही त्याच लिटरच्या इंजिनाला? आपल्याला कमी का देतात?

उद्यमनगरचा_पंपवाला

कमी देत नाहीत, जास्त दिवस देतात. पिकअपवाला ४०० वापरतो तो गाडी पुढं काढताना, दहावीस सेकंद. मागं मोठी ट्रॉली लावून डोंगर चढणं वर्षातनं काही वेळाच. आपला ट्रेलर घाटात दहा मिनिटं पूर्ण दाबलेला असतो, रोज, सहासात लाख किलोमीटर. त्या हिशेबानं कंपनी आकडा ठरवते. हेच ६.७ लिटर बोटीत ५५० हॉर्सपॉवरपर्यंत देतात, कारण तिथं थंड करायला अख्खा समुद्र आहे आणि तेवढी ताकद थोडा वेळच वापरायची असते. जनरेटर घेताना प्राइम (सतत चालवायचा) आणि स्टँडबाय (अडीनडीला थोडा वेळ) असे दोन आकडे बघतो ना आपण, तोच प्रकार. इंजिन किती ताकद देऊ शकतं हे अर्धंच झालं, किती वेळ देऊ शकतं हे दुसरं अर्ध.

बिडाचा_माणूस

फाउंड्रीत आहे, हेड आणि ब्लॉकच ओततो, म्हणून एक भर घालतो. ताकद वाढवली की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि हेडमध्ये दोन व्हॉल्व्हच्या मधली जी अरुंद पट्टी असते तिथं तडे जातात. आमच्याकडं परत आलेली हेडं बघतो तेव्हा दहातली सातआठ तिथंच गेलेली असतात. साध्या करड्या बिडाला एक मर्यादा आहे. टेक्सासवाल्यांनी सांगितलेल्या २०१९च्या इंजिनाचा ब्लॉक कॉम्पॅक्टेड ग्राफाइटचा केला होता. त्यात ग्रॅफाइटचे पापुद्रे आखूड आणि जाडसर, म्हणून ताण जास्त सोसतो, वजनही कमी होतं. पण ओतायला फार काटेकोर, मॅग्नेशियम जरा इकडंतिकडं झालं की अख्खी हीट, म्हणजे भट्टीतला एका वेळचा रस, भंगारात, आणि मशीनिंगला टूल भराभर झिजतात. बाहेरनं बघून दोन्ही ब्लॉक सारखेच दिसतात, रंगही तोच.

शिरोलीचा_ट्रेलरवाला

काका, तुमचं दोनदा वाचलं, घरी वडिलांनाही वाचून दाखवलं. त्यांनी १६१३च्या आकड्यावर मान डोलावली, टनाचं काही बोलले नाहीत.

माझ्या जुन्या गाडीचे खरे घोडे मोजायचे असतील तर? इथं जवळ ट्रेलरला चाकांवर मोजणारी मशीन कोणाकडं आहे का?

उद्यमनगरचा_पंपवाला

मशीन नको, घाट आहे की. काट्यावर वजन कर. तवंदीत एकसारखा चढ असलेल्या दोन खुणा निवड, किलोमीटरचे दगड किंवा पूल. मोबाइलवर दोन्ही खुणांची उंची आणि मधलं अंतर बघ, दोनतीनदा बघून सरासरी काढ. पहिल्या खुणेच्या बरंच आधी गाडी एका गिअरला, एका वेगाला बसव. पाय पूर्ण दाबलेला. खूण ते खूण वेळ घे. घड्याळ क्लीनरच्या हातात, तुझ्या नाही.

वजन गुणिले उंची भागिले सेकंद. त्यात टायरचे मिळव, टनाला ८ किलो गुणिले सेकंदाचे मीटर. आलेल्या बेरजेला ७५नं भाग. टायरवरचे घोडे मिळाले.

शिरोलीचा_ट्रेलरवाला

काल केलं. वजन ४४,२०० किलो. दोन खुणांत ९० मीटर चढ, अंतर १.९ किलोमीटर. वेळ ६ मिनिटं २० सेकंद. हिशेब तीनदा केला, १६३ येतोय! तुम्ही २०० म्हणाला होता. माझे जवळजवळ ४० घोडे कुठं गेले? रात्री झोप लागली नाही.

उद्यमनगरचा_पंपवाला

घाबरू नकोस. दोन गोष्टी बघ. डॅशबोर्डवर लाइट, मीडियम, हेवी असा ताकद कमीजास्त करायचा स्विच आहे, तो कुठं होता? रिकामी गाडी आणताना ड्रायव्हर लाइटला टाकतात, भरल्यावर बदलायचं विसरतात. आणि एअर फिल्टर कधी बदललास? किलोमीटर सांगू नकोस. तुझी गाडी शिरोलीत फाउंड्रीच्या दारात उभी असते, तिथली काळी धूळ पुस्तकात लिहिलेली नसते. इंटरकूलरच्या होजवर हात फिरव, क्लिपपाशी तेलकट लागलं तर तिथनं हवा सुटतेय.

तवंदी_ते_तुमकूर

स्विच. पैज लावतो. निम्म्या गाड्या मी अशाच बघतो.

शिरोलीचा_ट्रेलरवाला

स्विच मीडियमला होता. ड्रायव्हर म्हणाला, डिझेल वाचतं म्हणून त्यानं गेल्या दिवाळीपासून हलवलाच नाही. त्याचा हेतू चांगला होता, मी काही बोललो नाही, पण घाट आला की हेवी असं ठरवलंय. एअर फिल्टर काढला तर आत बोटाएवढा थर. होज ठीक होते.

आज पहाटे परत गेलो. वजन ४३,९००, खुणा त्याच. वेळ ५ मिनिटं ८ सेकंद. काका, २०० आला! बरोब्बर २००! १५ टक्क्यांनी मागं नेलं तर फ्लायव्हीलवर २३५. वरचे १५ त्या फॅननं खाल्ले असं समजतो, आवाज चालू होता.

उद्यमनगरचा_पंपवाला

शाब्बास. पोरा, मला टेस्ट बेडवरचे दिवस आठवले. तुझ्या गाडीत काहीही कमी नाही. एका फिल्टरात आणि एका स्विचात ३७ घोडे मिळाले, आणि ३००ची गाडी घेऊन टायरवर तुला साधारण ४० जास्त मिळाले असते.

आता काटा पावत्या.

शिरोलीचा_ट्रेलरवाला

वर्षभराच्या काढल्या, वडिलांनी आणि मी बसून. चाकणचा माल कधी ४५च्या वर गेलेला नाही, कास्टिंगच्या पेट्यांनी जागा आधी भरते. कॉइलला ४२-४३. बेंगलोरच्या खेपांत फक्त दोनदा पार्टीनं विचारलं होतं, ५२ टन नेशील का म्हणून.

दुसरा घोडा २५०चाच घेतोय. लॅपटॉपवाल्याला नाही सांगितलं. हप्त्यातले जे वाचतील त्यातनं टायर आणि दर दोन महिन्यांनी फिल्टर. नवी गाडी आली की पहिल्या आठवड्यात तवंदीत वेळ घेऊन ठेवणार, म्हणजे पुढं घोडे गेले तर कळेल. खंबाटकीतल्या खुणा वडील सांगणार आहेत, पुढच्या खेपेला ते सोबत येतायत.